ड्रॉवरमधली प्रत

आकडा बदलला नव्हता, एवढंच झालं होतं. सकाळचे साडेदहा वाजत होते, चहाचा कप अजून तिच्या डाव्या हातात होता, आणि जाता जाता दाराची कडी ओढून बघावी तशी ती सहज बॅकअपच्या फोल्डरमध्ये डोकावली होती. ते काम आता तिचं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी नवे प्रमुख आले आणि त्यांनी ते तिच्याकडून काढून घेतलं. पण सवय जात नाही. फोल्डरमध्ये रोजच्या तारखेची एकेक फाइल ओळीने उभी होती आणि शेवटच्या नऊ फाइलींचा आकार अगदी शेवटच्या अंकापर्यंत एकच होता. जिवंत डेटाबेस असा वागत नाही. तीनशे खाटांच्या हॉस्पिटलात दिवसभर माणसं येतात, कुणी दाखल होतं, कुणाचं रक्त तपासलं जातं, कुणी घरी जातं, कुणी जात नाही. त्या सगळ्याच्या नोंदी पडत राहतात आणि रोजची प्रत कालच्यापेक्षा थोडी तरी फुगते. नऊ दिवस एकच आकडा म्हणजे नवी प्रत निघतच नव्हती. जुन्याच फाइलीवर रोज नवी तारीख चिकटवून यंत्र ‘यशस्वी’ असा शेरा मारत होतं आणि प्रमुख रोज सकाळी तो शेरा वाचून निर्धास्त होत होते. तिने कप खाली ठेवला. भीती वाटायला हवी होती. जे वाटलं ती भीती नव्हती, हे तिचं तिला लगेच कळलं आणि तिने चोरासारखं इकडेतिकडे बघितलं. काचेच्या केबिनमध्ये प्रमुख, म्हणजे गुरुजी, दोन नव्या मुलींना फळ्यावर चौकोन काढून काहीतरी समजावत होते.

गुरुजी हे नाव तिनेच ठेवलेलं. बारा वर्षांपूर्वी, विम्याच्या त्या जुन्या ऑफिसात. नाव इतकं चपखल बसलं की ते माणसाबरोबर नोकऱ्या बदलत इथवर आलं होतं. इथल्या लोकांना ते कुणी ठेवलं हे माहीतही नव्हतं. तिला जे काही येत होतं ते त्यांनीच शिकवलेलं. डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, क्वेरीला, वेळ लागला तर शिव्या देऊ नकोस, ते म्हणायचे, तिला आधी विचार, बाई गं, तुला कुठून कुठून हिंडावं लागतंय? मग तिला जवळची वाट करून दे. असं कुणी शिकवत नाही. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती आणि ऑफिसला निघताना तिला शाळेत निघाल्यासारखं वाटायचं. मग तो शनिवार. दुपारी जेवून आल्यावर गुरुजी स्वतः जुन्या नोंदी काढून टाकायला बसले होते, ती शेजारी खुर्ची ओढून बघत होती. हुकमाच्या दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत ‘काढून टाक’ आणि दुसरीत ‘फक्त इतक्या जुन्या’. गुरुजींनी बोलता बोलता पहिलीच ओळ निवडली आणि चालवली. एका श्वासाचं काम. तापल्या तव्याला हात लागावा तसा त्यांनी कीबोर्डवरून हात उचलला होता. त्या हाताची ती हालचाल तिला अजून दिसायची, भाजी निवडताना, रिक्षात बसताना, कधीही. प्रत होती म्हणून बहुतेक सगळं परत आलं. पण दोन दिवसांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. सोमवारी गुरुजींनी तिला खाली बागेत नेलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “हे बघ, माझ्यावर आलं तर सगळी टीम जाईल. तू लहान आहेस. तुला महिन्याभरात दुसरीकडे लावून देतो, माझा शब्द.” चूक माझ्या हातून झाली, अशा कागदावर तिने सही केली. नंतर त्यांनी तिचा फोन उचलला नाही. आणि एका ठिकाणी तिची निवड जवळजवळ झाली होती, त्यांनी गुरुजींना विचारलं, तेव्हा गुरुजी म्हणाले म्हणे, हुशार आहे पोरगी, फक्त हात जरा सैल आहे. या धंद्यात जग लहान असतं. दोन वर्षं ती घरी होती. एका मुलाखतीला गेली तर दाराबाहेर दोघं कुजबुजत होते, आणि तिला ऐकू आलं की आपल्याला लोकांनी एक नाव ठेवलंय. पुसणी.

तेही तिने गिळलं असतं. गिळता आलं नाही ते बाबांचं. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेली, त्यामुळे घरात ते कुणाची चूक काढायचे नाहीत. दोन वर्षांत त्यांनी तिला एकदाही काही विचारलं नाही. शेवटच्या आजारपणात, ती त्यांची नखं कापत बसली होती तेव्हा म्हणाले, “बाळ, मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या हातून एकदा अख्खं पान उलटं छापलं गेलं होतं. माणसाच्या हातून होतं.” तिने सांगायला तोंड उघडलं. बाबा, ते माझ्या हातून झालंच नव्हतं. पण ते इतक्या मायेने बघत होते, माफ करून इतके मोकळे झाले होते, की आता हे सांगणं म्हणजे त्यांच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेणं झालं असतं. उद्या सांगू म्हणून ती गप्प बसली. चौथ्या दिवशी बाबा गेले. न केलेल्या गुन्ह्याची माफी तिच्या अंगावर तशीच राहिली, दुसऱ्याच्या मापाच्या कपड्यासारखी. सही करायला लावल्याचा राग एव्हाना विझला असता. हा विझत नव्हता. तीन महिन्यांपूर्वी नवे प्रमुख म्हणून गुरुजी या हॉलमध्ये शिरले, पांढरे झालेले, जरा वाकलेले, आणि तिला बघून म्हणाले, “अगं, तू इथे? वा, मग माझी काळजीच मिटली.” जणू मधे काही घडलंच नव्हतं. तिने “या सर” म्हटलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी तिला बोलावून सांगितलं, “तू ट्यूनिंग बघ, वेग वाढवायचं काम, त्यात तुझा हात धरणारं कुणी नाही. बॅकअप माझ्याकडे राहू दे.” हात. हा शब्द ते इतक्या सहज वापरू शकले.

आता सांगायला उठावं, केबिनचं दार लोटावं, सर, प्रत निघत नाहीये. सात पावलं होती. ती उठली नाही. संध्याकाळी पाच वाजता तिने स्वतःच्या अधिकारात एक वेगळी, पूर्ण प्रत काढली, हाताएवढ्या डिस्कवर घेतली आणि टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप घातलं; मग रोज संध्याकाळी त्याच डिस्कवर त्या दिवसाची नवी प्रत घालत राहिली. अशी प्रत ड्रॉवरमध्ये ठेवणं नियमात बसत नव्हतं, पण तिला तेवढ्याने हलकं वाटलं. म्हणजे कुणाचं नुकसान व्हायला नको. फक्त ज्या दिवशी सगळं कोसळेल त्या दिवशी त्याची प्रत शिळी निघेल, आणि तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहील. मनात ती त्यांना ‘तो’च म्हणायची. तो येईल, मान खाली घालून, आणि ती एक कोरा कागद पुढे करेल. लिहा. त्या शनिवारी कीबोर्डवर कुणाचा हात होता ते लिहा, खाली सही करा, मग ड्रॉवर उघडते. ह्या दृश्यातले बारकावे ती बसमध्ये, आंघोळ करताना, कांदा चिरताना दुरुस्त करत राहिली. कधी तो रडायचा. कधी ती कागदावरची एखादी चूक काढून पुन्हा लिहायला लावायची. फोल्डरमध्ये आकडा तोच राहिला, दहा दिवस, बारा, पंधरा. एकदा गुरुजी स्वतःच तिच्या खुर्चीमागे थांबले, “बरं चाललंय ना सगळं?” “हो सर, छान.” तिला स्वतःच्या आवाजातला गोडवा आवडला. त्या दिवसांत तिचं कामही कधी नव्हे इतकं चोख होत होतं. रक्तपेढीच्या खिडकीवर बसणारी एक बाई होती, तिला हिने कधी बघितलं नव्हतं, फोनवरचा आवाज तेवढा ओळखीचा. कुठल्या गटाच्या किती पिशव्या आणि कोणत्या आधी शिळ्या होणार ही यादी यायला तिला चाळीस सेकंद लागायचे. हिने गट आणि मुदत या दोन रकान्यांवर नवा इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, बांधला आणि यादी पापणी लवायच्या आत यायला लागली. रक्तपेढीवालीने मुद्दाम फोन केला. “बाई, काय जादू केलीत? आता मला मधे जांभई द्यायलासुद्धा वेळ मिळत नाही.” ही हसली होती. खूप दिवसांनी मनापासून.

सतराव्या दिवशी, मंगळवारी, अकराला दहा कमी असताना कॉम्प्युटरचे पडदे गोठले. आधी एक, मग हॉलभर. डेटा जिथे साठवला होता त्या कपाटातल्या दोन डिस्क एकामागोमाग गेल्या होत्या. एक गेली असती तर कुणाला कळलंही नसतं. गुरुजी केबिनमधून चालत बाहेर आले, पळत नाही. “घाबरू नका,” ते सगळ्यांना म्हणाले, “कालची प्रत आहे, त्यानंतर पडलेल्या नोंदींचा लॉग दुसऱ्या डिस्कवर शाबूत आहे. तासाभरात उभं करू.” ती आपल्या जागी बसून राहिली. तिला माहीत होतं आत काय होणार आहे. आधी प्रत उघडेल. मग तिच्यातली शेवटची नोंद सव्वीस दिवसांपूर्वीची निघेल. मग तो लॉग जोडून बघेल, आणि लॉग तर तीनच दिवसांचा ठेवलेला, मधला खड्डा भरायला काहीच नाही. काचेतून तिला ते सगळं मूकपटासारखं दिसलं. अकरा पंचवीसला त्याचा हात थांबला. तो मागे टेकला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिचे हातपाय हलके झाले होते, ताप उतरल्यावर होतात तसे. आता तो उठेल. कागद तिने टेबलावर काढून ठेवला होता, पेनाचं टोपणही उघडलं होतं.

अकरा चाळीसला फोन वाजला. रक्तपेढीवाली. “बाई, किती वेळ लागेल हो? इथे एक बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये तिचं. तिला नुसता गट जुळून भागत नाही, तिच्या रक्तात काहीतरी वेगळं आहे. तिला चालतील अशा तीन पिशव्या मागच्या आठवड्यात तपासून बाजूला ठेवल्या होत्या. पण त्या कुठल्या कप्प्यात, कुठल्या नंबरच्या, सगळं कॉम्प्युटरमध्ये. आम्ही एकेक पिशवी काढून पुन्हा जुळवतोय.”

“बघतायत,” ती म्हणाली. “प्रयत्न चालू आहेत.”

“अंदाज तरी?”

“सांगता येत नाही.”

“बरं. काही झालं तर मला आधी सांगा हं.” फोन ठेवला गेला. ड्रॉवर तिच्या गुडघ्याला लागत होता. कुलपाची किल्ली गळ्यातल्या पट्टीला होती. ती उठेल असं तिला वाटलं, अगदी स्पष्ट वाटलं, पाय जमिनीवर नीट टेकवलेसुद्धा. आणि केबिनकडे बघितलं तर तो अजून येत नव्हता. पुन्हा चष्मा लावून काहीतरी टाइप करत होता. ये ना, ती मनात म्हणाली. सात पावलं आहेत. पाच मिनिटं थांबू. बारा वर्षं थांबले, पाच मिनिटांनी काय होतंय. मग आणखी पाच. तिला बाळंतीण दिसत नव्हती. दिसायला हवी होती, पण डोळ्यांपुढे नखं कापलेला बाबांचा हात येत होता, आणि तो हात तिला उठूच देत नव्हता. फोन पुन्हा वाजला नाही. हळूहळू तिच्या लक्षात आलं की ती त्या न वाजणाऱ्या फोनकडेच बघत बसली आहे. पलीकडच्या बाईने तिच्यावर विसंबून राहणं सोडलं होतं, किंवा तिचे दोन्ही हात गुंतले होते. बारा पंचवीसला ती उठली. कागद तिथेच राहिला. तिने डिस्क नेऊन गुरुजींच्या टेबलावर ठेवली. “कालची संध्याकाळची आहे. पूर्ण. लॉग जोडा.” त्यांनी डिस्ककडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि शेजारची खुर्ची ओढून दिली. दोघं शेजारीशेजारी बसले, जुन्या काळी बसायचे तसे, आणि एक वाजून दहा मिनिटांनी सगळं उभं राहिलं. हॉलमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

बाळंतीण वाचली, हे तिला संध्याकाळी कळलं. मूलही बरं होतं. रक्तपेढीत त्यांनी दीडशे पिशव्या हातांनी चाळून त्या तीन शोधून काढल्या, पण तोवर एक वाजत आला होता, आणि डॉक्टरांनी गर्भाशय काढून टाकलं होतं. पोरगी सव्वीस वर्षांची. पिशव्या अर्धा तास आधी मिळत्या तर कदाचित वेळ आली नसती, असं डॉक्टर म्हणाले. कदाचित. हा शब्द तिने रात्रभर चघळला.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी सगळ्यांना बोलावलं. ते नेमस्त गृहस्थ होते, त्यांना फक्त अहवाल हवा होता. गुरुजी उभे राहिले. बसून सांगा म्हटलं तरी उभेच राहिले. “बॅकअपची जबाबदारी माझी होती. मी प्रत ठेवायची जागा बदलली आणि प्रत खरंच निघते का हे एकदाही उघडून बघितलं नाही. सगळा दोष माझा. काल जे वाचलं ते हिच्यामुळे, हिने स्वतःहून एक प्रत ठेवली होती म्हणून.” सगळे तिच्याकडे वळले. कुणीतरी तिच्या खांद्यावर थोपटलं. गुरुजींनी राजीनामा पुढे सरकवला. एवढी वर्षं तिला त्यांच्या तोंडून जे ऐकायचं होतं, दोष माझा, ते असं, न मागता, भर सभेत, शब्दाला शब्द समोर आलं होतं, आणि तिला तोंडात राख आल्यासारखं वाटलं.

बाहेर जिन्यापाशी त्यांनी तिला गाठलं. “त्या डिस्कवर सतरा प्रती आहेत,” ते म्हणाले. “पहिली सतरा दिवसांपूर्वीची. मी काल बघितल्या.”

तिने वर जायला पायरीवर पाय ठेवला.

“आत मी ते बोललो नाही. बोलणारही नाही. तुझं माझ्याकडे निघत होतं. मला विसरलो असं वाटलं असेल तुला. मी विसरलो नव्हतो गं. तुझ्या डोळ्यांत बघायची हिंमत नव्हती म्हणून पहिल्या दिवशी तसं हसलो.” त्यांनी कठड्यावर हात ठेवला. म्हातारा हात, डाग पडलेला. “आता फिटलं असं समज. तू मनाला लावून घेऊ नकोस. माणसाच्या हातून होतं.”

हेच शब्द. ते बाबांचे होते, याला कुणी दिले? याच्यामुळे एकदा तिला फुकटची माफी घ्यावी लागली होती, आणि आता हा दुसरी माफी घेऊन उभा होता, खरीखुरी, तिच्या मापाची. घेतली की झालं. तो मोठ्या मनाने जाणार, घरी जाऊन शांत झोपणार, आणि ती इथे टाळ्या घेत, आयुष्यभर त्याच्या उपकाराखाली. बारा वर्षांचा राग तिच्यात पुन्हा पहिल्या दिवसासारखा ताजा झाला. “तुमची माफी तुमच्याकडेच ठेवा, सर,” ती म्हणाली आणि जिना चढून वर आली. तिने अहवाल लिहायला घेतला. विम्याच्या ऑफिसातला शनिवार लिहिला, कीबोर्डवर कुणाचा हात होता ते लिहिलं. मग तिने लिहिलं की प्रत निघत नाही हे मला सतरा दिवस माहीत होतं, मी सांगितलं नाही. आणि काल रक्तपेढीतून फोन आला तेव्हा प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये होती, त्यानंतर पंचेचाळीस मिनिटं मी ती दिली नाही. हे ती पश्चात्तापाने लिहीत नव्हती, हे तिला नीट माहीत होतं. त्याने तिच्यासाठी सोडलेलं दान ती त्याच्या तोंडावर फेकत होती. मेल व्यवस्थापकांना गेलं, त्याची प्रत गुरुजींना. काचेतून तिने बघितलं. ते वाचत होते. वाचता वाचता त्यांची मान वर आली, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा तिला त्यांच्या चेहऱ्यावर संताप दिसला, लुबाडल्या गेलेल्या माणसाचा. तिला बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं, तेवढा एक क्षण.

व्यवस्थापकांनी तासाभरात बोलावलं, फार वेळ घेतला नाही. दोघांनाही आजच जायचं होतं; पुढचं चौकशी समिती बघणार होती. ती टेबल आवरत होती तेव्हा फोन वाजला.

“बाई, मी बोलतेय.” रक्तपेढीवालीचा आवाज नेहमीचाच होता, फक्त सावकाश. “इथे काहीतरी बोलतायत. मला वाटलं तुम्हालाच विचारावं. मी काल फोन केला, तेव्हा ते तुमच्याकडे होतं?”

“हो.”

“म्हणजे तिथेच? टेबलात?”

“हो.”

पलीकडे मागे कुठेतरी फ्रीजचं दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला. तिला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, शिवी देईल, दिली पाहिजे. ती वाट बघत राहिली.

“बरं,” रक्तपेढीवाली म्हणाली. “मग उद्यापासून अडलं तर फोन कुणाला करायचा, तेवढं सांगून ठेवा.”

तिने हॉलभर नजर फिरवली. सगळे आपापल्या पडद्यात बघत होते, कुणी वर बघेना. पलीकडे ती बाई पेन घेऊन थांबली होती.